अँटीव्हायरस अडला की लगेच ‘फॉरमॅट मारा’ कशाला?

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत अधूनमधून कॉम्प्युटरवर लेख येतो, मी वाचतेच, पण त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, "चांगला अँटीव्हायरस टाका आणि तो अपडेट ठेवा". बरं बुवा, टाकला. पैसे भरून टाकला. आता तोच उघडत नाही, तोच अपडेट घेत नाही, त्याच्यामुळेच कॉम्प्युटर रखडून राहिला, तर काय करायचं हे मात्र कोणी लिहून नाही राहिलं. म्हणून मीच लिहायला बसले. पत्र लांब झालंय, कात्री लावायची तर लावा, फक्त बॅटरीचा भाग राहू द्या ही विनंती.

मी मानेवाड्याकडे राहते, घरीच मराठी टायपिंगचं जॉबवर्क करते. थिसिस, वकिलांचे अर्ज, सोसायटीच्या नोटिसा, सीझनला लग्नपत्रिका. कॉम्प्युटर दिवसभर चालू, त्यामुळे आजूबाजूच्यांना वाटतं की ताईला सगळंच येतं, आणि कोणाच्या घरी लाल फुली दिसली की पहिला फोन मला. इंजिनियर वगैरे मी काही नाही, पण इतक्या घरचे कॉम्प्युटर पाहून एक गोष्ट पक्की कळली, की आपल्याकडे अँटीव्हायरसचा कोणताही प्रॉब्लेम दुकानात नेला तर उत्तर एकच मिळतं, "फॉरमॅट मारावा लागेल", म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं. लायसन्स संपलं, फॉरमॅट. स्लो झाला, फॉरमॅट. प्रिंटर दिसत नाही, तरी फॉरमॅट! पाचशे-सातशे रुपये, संध्याकाळी घेऊन जा.

आणि फॉरमॅट मारून काय मिळतं तेही सांगते. दुकानातला पोट्टा पेनड्राईव्ह लावतो, त्यातून क्रॅक विंडोज टाकतो, ते ॲक्टिवेट करायला एक ॲक्टिवेटर चालवतो. आता ॲक्टिवेटर ही मुळात चोरवाट, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर ती पकडतो, म्हणून पोट्टा आधी डिफेंडर बंद करतो किंवा अख्खा सी ड्राईव्हच तपासणीतून वगळून टाकतो, आणि मग तसंच ठेवून कॉम्प्युटर तुमच्या हातात देतो. वरून कोणतातरी अँटीव्हायरस ट्रायलवर टाकून दिला की झाली सर्व्हिस. थोड्या महिन्यांनी ट्रायल संपते, डिफेंडर बंदच आहे, वगळलेला ड्राईव्ह तसाच, आणि आपण वापस त्याच दुकानात. यात दुकानाचं भलं आहे, आपलं काय? फॉरमॅट करूच नये असं मी म्हणत नाही, रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फायली लॉक केल्या असतील किंवा काही केल्या घाण निघतच नसेल तर करायलाच लागतो, पण तो मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून स्वतः काढलेल्या विंडोजने, फोटो-कागदपत्रं बाहेर काढून घेतल्यावर. सर्दी-पडशाला ऑपरेशन कशाला?

आता बॅटरीचं. आमच्या गल्लीत एक काका आहेत, वीज मंडळातून रिटायर झालेले, त्यांच्याकडे जुना असेंबल केलेला डेस्कटॉप. अँटीव्हायरस विकत घेतलेला, बिल आहे, वर्ष संपलेलं नाही, तरी रोज सकाळी शिल्डवर लाल फुली आणि "लायसन्स व्हॅलिड नाही". बँकेची साईट उघडली तर "युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट". दुकानवाल्याने फोनवरच सांगितलं की काका व्हायरस शिरलाय, तोच बँक उघडू देत नाही, घेऊन या. मी गेले, पाहिलं, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली तारीख होती १ जानेवारी २००९. काकांना विचारलं तर म्हणे, "ती तर रोज तशीच असते, मी लक्षच नाही देत". आता गंमत पाहा, २००९ मध्ये त्या लायसन्सचा जन्मच झालेला नाही, बँकेच्या साईटचं सर्टिफिकेट सुरूच व्हायचंय, त्यामुळे अँटीव्हायरसही खरं बोलत होता आणि ब्राऊझरही खरंच बोलत होता, खोटी होती ती फक्त तारीख. व्हायरस वगैरे काही नाही.

तारीख का जाते तर मदरबोर्डवर एक नाण्याएवढी चपटी बॅटरी असते, सीआर २०३२, म्हणजे वीस मिलिमीटर रुंद आणि तीन पूर्णांक दोन मिलिमीटर जाड, ३ व्होल्टची. कॉम्प्युटरचा प्लग बंद असतो तेव्हा आतलं घड्याळ या बॅटरीवर चालतं. काकांची अख्खी नोकरी विजेच्या खात्यात गेली, रात्री झोपताना बोर्डाचं मेन बटन बंद केल्याशिवाय त्यांना झोप येत नाही, म्हणजे रोज रात्रभर सगळा भार त्या बॅटरीवर, आणि ती केव्हाची मेलेली. जुन्या बोर्डावर सुरू होताना काळ्या स्क्रीनवर "सीमॉस" असं काहीतरी येतं आणि एफ-वन दाबायला सांगतं, काका रोज इमानदारीने एफ-वन दाबत होते. इंटरनेट लावलं की वेळ आपोआप जुळते ना, असं कोणी म्हणेल, तर थोडा फरक असला की जुळते, पण वर्षानुवर्षांचा फरक असला की कधीकधी विंडोज स्वतःहून जुळवतच नाही.

बदलायला काहीच लागत नाही. कॉम्प्युटर बंद, वायर भिंतीतून काढलेली, बाजूचं पत्र्याचं झाकण दोन स्क्रूवर. उघडल्यावर आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. बॅटरीच्या कडेला एक बारीक क्लिप असते, ती नखाने बाजूला दाबली की नाणं टुपकन वर येतं. छापलेली बाजू, जिथे अधिकचं चिन्ह असतं, ती वर ठेवून नवीन बसवायची, मग सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज उघडायच्या आधीच्या सेटिंगच्या पानावर, तारीख-वेळ टाकायची. घड्याळवाल्याकडे चाळीस-पन्नासात बॅटरी मिळते. काकांनी हेच केलं, मी फक्त टॉर्च धरला. सुरू झाल्यावर अँटीव्हायरसने एकदाच भलंमोठं अपडेट ओढलं आणि शिल्ड हिरवी झाली, बँकही उघडली. लॅपटॉपचं मात्र घरी उघडू नका, त्यात बॅटरी कुठेही दडवलेली असते. पण उघडो न उघडो, अँटीव्हायरस रुसला की आधी कोपऱ्यातली तारीख, वर्ष आणि टाइम झोन पाहा, फुकट आहे.

दुसरा प्रकार जास्त घरांत दिसतो, तो म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. नवीन लॅपटॉप घेतला की त्यात कंपनीनेच ट्रायलचा एक अँटीव्हायरस टाकलेला असतो. मग दुकानदार म्हणतो, हा चांगला नाही, हा घ्या, सीडीचा डब्बा. मग भाचा पुण्याहून येतो आणि म्हणतो, काहून पैसे घातले, हा फ्रीवाला टाका. तिन्ही आतच! अँटीव्हायरस काम कसं करतो तर तुम्ही कोणतीही फाईल उघडली की मधे उभा राहून आधी तो ती वाचतो आणि मग तुम्हाला देतो. दोन असले की दोघंही तीच फाईल तपासायला धावतात, एकाने पकडून कोंडून ठेवलेला व्हायरस दुसऱ्याला सापडतो आणि तो बोंब मारतो, वर हार्ड डिस्क जुनी असेल तर मग वर्डची फाईल उघडेपर्यंत चहा होतो. लोक म्हणतात कॉम्प्युटर म्हातारा झाला. म्हातारा नाही झाला हो, त्याला दोन सासवा झाल्यात.

यावर काय करायचं तर विंडोज सिक्युरिटी उघडायची, स्टार्टमध्ये टाईप केलं की येते, तिच्या सेटिंग्जमध्ये "मॅनेज प्रोव्हायडर्स" म्हणून आहे, तिथे आपल्या कॉम्प्युटरवर कोण कोण पहारा देऊन राहिलं ती यादी दिसते. एकच ठेवायचा. बाकीचे सेटिंग्जमधल्या ॲप्समधून काढायचे आणि रिस्टार्ट करायचं. पण एवढ्याने निघतोच असं नाही, अँटीव्हायरस हा मुळात कोणी सहज काढू नये म्हणूनच बनवलेला असतो, त्याचे ड्रायव्हर, सर्व्हिस मागे राहतात आणि मग नवीन टाकायला गेलं की "आधीचा काढा" म्हणतो, आणि आधीचा तर यादीत दिसतच नाही. इथेच लोक हात टेकतात आणि दुकानात जातात. त्यासाठी कंपन्यांनी स्वतःच फुकट रिमूव्हल टूल दिलेलं असतं, नॉर्टनचं आहे, मॅकॅफीचं आहे, अवास्टचं आहे, कॅस्परस्कीचं आहे, ईसेटचं तर सेफ मोडमध्येच चालवायचं असतं. फक्त ते त्या त्या कंपनीच्या साईटवरूनच घ्यायचं, गुगलवर शोधल्यावर सगळ्यात वर जी जाहिरात येते तिच्यावर क्लिक केलं तर रोगापेक्षा इलाज भयंकर. काढण्याआधी आपल्या विकतच्या अँटीव्हायरसची की, म्हणजे लायसन्सचा नंबर, आणि कोणत्या ईमेलवर नोंदणी केली ते लिहून ठेवा, नाहीतर परत टाकताना "ही की आधीच वापरात आहे" असं ऐकायला मिळतं, आणि फॉरमॅट मारणारे हे कधी विचारत नाहीत.

सेफ मोडला जायचं तर शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि आकडा ४ किंवा इंटरनेटसकट हवं तर ५. नव्या लॅपटॉपवर इथे एक फटका बसू शकतो, तो बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. घाबरायचं नाही, लॅपटॉपला जे मायक्रोसॉफ्ट अकाउंट लावलंय त्यात बहुतेक ती जमा असते, पण सेफ मोडच्या भानगडीत पडण्याआधीच दुसऱ्या मोबाईलवर ती की पाहून कागदावर उतरवा. आधी म्हणजे आधीच.

दुसरा अँटीव्हायरस पूर्ण निघाला की विंडोजचा डिफेंडर आपोआप जागा होतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो विंडोजमध्येच येतो, वेगळे पैसे नाहीत, आणि दुसरा कोणी टाकला की तो स्वतःहून बाजूला सरकतो. माझं मत विचाराल तर मेल, बँक, पोरांचा अभ्यास एवढंच असेल तर तो एकटा पुरतो, विंडोज अपडेट बंद करून ठेवला नाही म्हणजे झालं. ज्याला विकतचाच हवा त्याने जरूर घ्यावा, फोनवर बोलायला माणूस मिळतो हा फायदा आहेच. क्विक हीलवाले काटकर बंधू तर आपलेच, पुण्यात कॅल्क्युलेटर रिपेअर करता करता कैलास काटकरांनी एवढी कंपनी उभी केली, पुण्याचं कौतुक नागपुरातून करायला जरा जड जातं पण करायला पाहिजे. घ्या, पण एकच घ्या.

तिसरा प्रकार थोडा गंभीर. घरचाच कॉम्प्युटर, मालक आपण, आणि डिफेंडर चालू करायला गेलो तर बटन फिकट, दाबल्या जात नाही, वर लिहिलेलं असतं की हे सेटिंग तुमचा ॲडमिनिस्ट्रेटर सांभाळतो. कोण ॲडमिनिस्ट्रेटर? ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ठीक, घरी तसं दिसलं आणि दुसरा अँटीव्हायरसही नसला तर समजायचं की एकतर ॲक्टिवेटरवाल्याने कुलूप लावलंय किंवा कोणत्या व्हायरसने. पहिलं काम, "एक्स्क्लुजन्स"ची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्यांची, यादी उघडा, तिथे सी ड्राईव्ह किंवा भलत्याच नावाचं फोल्डर दिसलं तर काढून टाका. मग डिफेंडरचा ऑफलाईन स्कॅन लावा, कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज उघडायच्या आधीच पंधरा-एक मिनिटं तपासतो, त्यामुळे लपलेलं सापडायची शक्यता जास्त. डिफेंडर हललाच नाही तर मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर म्हणून फुकट आहे, ते दहा दिवसच चालतं, मागच्या वर्षीचं पेनड्राईव्हमधलं चालणार नाही, ताजं काढायचं. आपल्या सरकारचंही आहे बरं का, सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र, २०१७ पासून चालू, तिथे बॉट, म्हणजे कॉम्प्युटर गुपचूप दुसऱ्याच्या ताब्यात देणारा व्हायरस, काढायची टूल फुकट ठेवली आहेत, पण कोणाला विचारा, नावच ऐकलेलं नसतं. सगळं साफ झाल्यावर "टॅम्पर प्रोटेक्शन" चालू ठेवा, म्हणजे परत कोणी गुपचूप बंद नाही करू शकणार.

आणि जो अँटीव्हायरस आपण टाकलाच नाही त्याच्या तक्रारी! उजव्या कोपऱ्यातून टिंग टिंग करत "तुमच्या पीसीत पाच व्हायरस, लायसन्स आज संपतंय, इथे क्लिक करा". शेजारच्या वहिनी दोन दिवस त्याला खरा अँटीव्हायरस समजून कार्ड शोधत होत्या. ते अँटीव्हायरस नसतंच, कधीतरी एखाद्या साईटने "नोटिफिकेशन पाठवू का" विचारलं आणि आपण घाईत अलाव दाबलं, त्याची फळं. नोटिफिकेशनवर बारीक अक्षरात क्रोम किंवा एजचं आणि त्या साईटचं नाव असतं, ते वाचा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे ज्या ज्या अनोळखी साईट दिसतील त्या ब्लॉक. संपला व्हायरस.

याचा मोठा भाऊ म्हणजे फुल स्क्रीनवर लाल-निळं पान, सायरन वाजून राहिला, बाई इंग्रजीत ओरडून राहिली की कॉम्प्युटर बंद करू नका, या टोल फ्री नंबरवर फोन करा. फोन करायचा नाही. खरा अँटीव्हायरस कधी नंबर दाखवून फोन करायला लावत नाही, विंडोजही नाही. एस्केप थोडा वेळ दाबून धरा, नाही ऐकलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राऊझरच बंद करा, तेही नाही तर सरळ बटन दाबून कॉम्प्युटर बंद, काही होत नाही. परत उघडल्यावर "आधीची पानं उघडू का" म्हणालं तर नाही म्हणा. फोन केला की समोरचा गोड बोलून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, म्हणजे दुरून आपला कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, टाकायला लावतो आणि मग आपल्याच स्क्रीनवर आपल्याच डोळ्यांदेखत बँक उघडतो. तसंच ईमेलवर येणारं बिल, "तुमचा अँटीव्हायरस रिन्यू झाला, इतके हजार कापले, नको असेल तर फोन करा". पैसे खरंच कापलेत का ते बँकेच्या ॲपमध्ये पाहा, त्या नंबरवर नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑटो-डेबिट व्हायच्या निदान २४ तास आधी बँकेने आपल्याला कळवावं लागतं, तसा मेसेज आला होता का ते आठवा. आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर फोन लावा, जितका लवकर तितकी पैसे अडायची आशा.

माझ्या धंद्यातला एक त्रास लिहिते कारण नागपुरात टायपिंगवाले खूप आहेत. मराठी टायपिंगची जुनी सॉफ्टवेअर कीबोर्डचं प्रत्येक बटन मधेच पकडतात आणि त्याचं मराठी अक्षर करतात. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही बटनं असंच मधेच पकडतो. त्यामुळे अपडेटनंतर एक दिवस अँटीव्हायरस उठतो आणि टायपिंगची फाईलच कोंडून टाकतो, आपण वर्ड उघडतो तर सगळं इंग्रजीत, फॉन्ट आहे पण अक्षर उमटत नाही. लोक सॉफ्टवेअर परत परत टाकून थकतात, ते दर वेळी परत कोंडलं जातं. डिफेंडर असेल तर "प्रोटेक्शन हिस्टरी" पाहा, दुसरा असेल तर त्याचा "क्वारंटाईन", तिथे फाईल दिसेल, रिस्टोअर करता येते. पण कोणत्याही फाईलला डोळे मिटून माफी देऊ नका, आधी ती व्हायरसटोटलच्या साईटवर टाकून पाहा, तिथे साठ-सत्तर इंजिनं एकदम तपासतात, एक-दोघंच ओरडले तर बहुतेक गैरसमज, अर्धेअधिक ओरडले तर नाद सोडा. ग्राहकांचे कागद मात्र तिथे कधीच टाकू नका, सॉफ्टवेअरची फाईलच टाका. आणि माफी त्या एका फाईलला द्या, अख्ख्या ड्राईव्हला नाही, नाहीतर आपण आणि तो दुकानातला पोट्टा यात फरक काय राहिला.

याच जातीचे बारीकसारीक अजून आहेत. "कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस" चालू केलं की डॉक्युमेंट्समध्ये फाईल सेव्हच होत नाही, ते व्हायरसचं काम नाही, रॅन्समवेअरपासून वाचवायचं कुलूप आहे, आपल्या प्रोग्रामला परवानगी द्यायची. वायफायचा प्रिंटर अचानक दिसेनासा झाला तर फायरवॉलमध्ये नेटवर्क "पब्लिक" झालंय का पाहा, घरचं असेल तर "प्रायव्हेट" करा.

अँटीव्हायरसच चुकू शकतो हे लोकांना खरं वाटत नाही म्हणून दोन मोठी उदाहरणं देते. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची svchost नावाची, म्हणजे ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाईल व्हायरस समजून धरली, जगभर कॉम्प्युटर परत परत रिस्टार्ट होत बसले. आणि १९ जुलै २०२४ तर ताजं आहे, क्राउडस्ट्राईक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकल्या, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, फोटो सगळ्यांनी पाहिले. तो कंपन्यांचा सॉफ्टवेअर होता, घरचा नाही, पण उपाय काय होता पाहा, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक खराब फाईल डिलीट करणे. एवढ्या मोठ्या गोंधळातही पहिला इलाज अख्खी मशीन पुसणं हा नव्हता. आमच्याकडे मात्र लाल फुली दिसली की फॉरमॅट.

एक तारीख छापायला हवी. विंडोज १० चा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापराला एक वर्ष जास्तीचे सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत नोंदणी करून मिळतात. दुकानं याचाही धंदा करून राहिलीत, "नवीन अँटीव्हायरस टाका, विंडोज १० चालून जाईल". अँटीव्हायरस विंडोजची भोकं बुजवत नाही, ते काम विंडोज अपडेटचं. मशीन विंडोज ११ ला चालेल का हे मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेकवर कळतं, त्यात टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही म्हणून आलं तर लगेच नवा कॉम्प्युटर घ्यायला धावू नका, बऱ्याच मशीनमध्ये ते असतं पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं.

तर माझं म्हणणं दुकानदारांना एवढंच, की कॉम्प्युटर परत देताना बिलावर लिहून द्या, विंडोज ओरिजिनल टाकलं की क्रॅक, अँटीव्हायरस कोणता, कधीपर्यंत, लायसन्सची की कोणाच्या ईमेलवर, आणि डिफेंडर चालू आहे की बंद. फ्रिज रिपेअरवाला कॉम्प्रेसर बदलला तर लिहून देतो ना? सगळे दुकानदार वाईट नाहीत, इतवारीत एक जण आहेत ते फोनवरच विचारतात की आधी तारीख पाहा हो ताई, पण असे कमी. ग्राहकांनीही मागितलं पाहिजे, आपण "किती झाले" एवढंच विचारतो.

आणि तुम्हाला विनंती अशी, की "टॉप पाच अँटीव्हायरस" छापण्यापेक्षा पुरवणीत अर्धा कॉलम घरच्या अशा अडचणींना द्या, लोक प्रश्न पाठवतील, बर्डीतल्या, महालातल्या चांगल्या जाणकार दुकानदारांनाच उत्तरं लिहायला लावा, त्यांचंही नाव होईल. १९३० हा नंबर त्यात दर वेळी जाड अक्षरात छापा. जमलं तर जरा मोठ्याच टायपात, आमच्या गल्लीत पेपर वाचणारे सगळे चष्मेवाले आहेत.

आपली,
टायपिंगचं जॉबवर्क करणारी एक वाचक
मानेवाडा, नागपूर